माझे पिवळे डोळे आणि वहिनीचं डोहाळजेवण

माझे डोळे जन्मापासून पिवळे आहेत. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण समोरचा माणूस दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलतो आणि मग हळूच विचारतो, कावीळ झाली होती का हो तुम्हाला? झाली नव्हती. आयुष्यात एकदाही नाही. आमच्या गावात घराआड एक कावीळ होती त्या वर्षीसुद्धा मला झाली नाही, आणि त्या वर्षी गावाने मला वाळीत टाकलं होतं ते काविळीसाठीच. कर्म माझं, दुसरं काय!

आमचं गाव पूर्णगडपासून थोडं आत, सड्याच्या, म्हणजे कातळी माळाच्या, उतारावर. वरची वाडी आणि खालची वाडी. आम्ही वरच्या वाडीतले. लहानपणी माझे डोळे पाहून कोणी ना कोणी आईला औषध सांगायचं. पलीकडच्या गावातले एक म्हातारबाबा काविळीची माळ करून द्यायचे. कसल्याशा मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेले, टोपीसारखी डोक्यावर ठेवायची. दिवसागणिक ती सैल होत गळ्यात उतरते, गळ्यातून छातीवर, आणि ती उतरली की कावीळ उतरली. मला तीन वेळा घातली. तिन्ही वेळा माळ बेंबीपर्यंत उतरली आणि डोळे होते तसेच राहिले. म्हातारबाबा म्हणाले, पोरीने पथ्य मोडलं. मी सहा वर्षांची होते, पथ्य मोडायला आमच्या घरात होतं काय?

तेरा वर्षांची असताना मुंबईला मामाकडे गेले होते, तेव्हा त्याने मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त काढलं, डाव्या बरगडीखाली चाचपून पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली असल्याचं सांगितलं आणि मला शेजारी बसवून समजावलं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी चकतीसारख्या असतात. माझ्या चेंडूसारख्या गोल आहेत. त्या पाणथरीत अडकतात, लवकर फुटतात, आणि फुटल्या की हा पिवळा रंग सुटतो. कोणाला लागत नाही, आईबापाकडून येतो, फार थोड्या लोकांना असतो. आजाराचं इंग्रजी नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं, ते एका ओळीत मावलं नव्हतं. मला त्याचा भारी तोरा चढला. वाडीत इतरांचे आजार ताप, खोकला, हगवण. माझा एक ओळ भरून उरणारा.

पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच होती. माझ्या बाबांचे डोळे असेच होते. मी दहा वर्षांची असताना ते गेले. ते असेपर्यंत आणि गेल्यावरही लोक म्हणायचे, माडी पिऊन पिऊन डोळे तसे झाले. माझ्या बापाने माडीचा थेंब कधी तोंडात घेतला नव्हता. आईबापाकडून येतो म्हणून डॉक्टर म्हणाले तेव्हा मी तिथेच रडले, आणि मामाला वाटलं पोर घाबरली. घाबरले कशाला? मला आनंद झाला होता. गावी आल्यावर मी तो कागद घेऊन दारोदार सांगत फिरले. कोणी ऐकलं, कोणी नाही. ऑपरेशन करून पाणथरी काढता येते म्हणाले होते, पण पोरीच्या पोटाला सुरी लावायला आई तयार झाली नाही, ते राहिलं ते राहिलंच.

तर असे डोळे घेऊन मी मोठी झाले. अकरावी पास झाले, दोन स्थळं डोळे पाहून परत गेली, तिसऱ्याची मी वाट पाहिली नाही. गावात बालवाडी निघाली तिथे बाई म्हणून लागले. धाप लवकर लागायची, मधूनच उजव्या कुशीत कळ यायची, पण पोरांना गाणी म्हणायला शिकवताना कुशीचं काय काम? घरात आई, मी आणि वहिनी. दादा मुंबईला नोकरीला. वहिनी संगमेश्वरकडची, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, बोलायला कमी आणि कामाला वाघीण.

मी ज्या वर्षाचं सांगते आहे ते ऐंशी सालानंतरचं, दादाच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. शिमगा झाला, ऊन चढलं, विहिरी खाली गेल्या आणि खालच्या वाडीत ताप सुरू झाला. ताप, उलट्या, अन्नावरची वासना गेलेली. सगळे म्हणत होते पित्त झालंय.

आता माझ्या डोळ्यांची एक गंमत सांगते. रोज सकाळी खिडकीपाशी आरशात मी माझे डोळे बघायची. आज किती पेशी फुटल्या ते तिथे कळतं. बऱ्या दिवशी ताकासारखे, वाईट दिवशी हळदीसारखे. या सवयीने पिवळ्यातला फरक मला इतरांपेक्षा आधी दिसतो. दिव्याच्या उजेडात बघून उपयोग नाही, दिवाच पिवळा. उन्हात उभं करायचं, खाली बघ म्हणायचं आणि वरची पापणी उचलायची. तिथलं पांढरं खोटं बोलत नाही. बालवाडीतल्या खालच्या वाडीच्या एका पोरीला मी असं बघितलं आणि तिच्या आईला सांगितलं, हिला कावीळ होतेय. आई म्हणाली, छे, पित्त आहे. तीन दिवसांनी पोर हळदीसारखी झाली. मग आणखी दोघी. तिघींनाही मी आधी सांगितलं होतं, आणि मला वाटलं लोक म्हणतील, बाईंना काय दिसतं बघा!

लोक म्हणाले, बाईंनी बघितलं म्हणून झाली.

उचलली जीभ लावली टाळ्याला. हिचे डोळे पिवळे, ही ज्याच्या डोळ्यांत बघते त्याचे पिवळे होतात. काविळीला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात ना, आमच्या गावाने त्यावर कडी केली, काविळीने सगळं जग पिवळं होतं म्हणाले. आठवड्यात बालवाडी रिकामी झाली. मी रोज जाऊन दार उघडायची, अकरापर्यंत बसायची आणि कुलूप लावून यायची. आपण होऊन बंद करायची नाही असं ठरवलं होतं, तेवढा माज मला होताच.

आरोग्य केंद्रातले डॉक्टर गावात आले तेव्हा मी त्यांना मुंबईचा कागद दाखवला. तरुण होते, कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाले, तुम्हाला ही साथीची कावीळ झाली तर जड जाईल, पाणी उकळून प्या. साथ पाण्यातून येतेय, खालच्या विहिरीचा मला संशय आहे. आणि जाता जाता म्हणाले, गरोदर बायकांना जपा, या काविळीत त्या हाताशी लागत नाहीत, बघता बघता जातात. हे त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं. पण डॉक्टर संध्याकाळच्या एसटीने परत जाणारे, आणि शेजारच्या काकू कायमच्या. ऐकायचं कोणाचं?

आमच्या घरात वहिनीला सहावा सरत आला होता.

मग एक दिवस वरच्या विहिरीवर बायकांनी आईला अडवलं. भांडण नाही, आवाज नाही. काकू एवढंच म्हणाल्या की तुमच्या घरची घागर आमच्या विहिरीत नको, थोडे दिवस. आईने मान खाली घातली आणि परत आली. मला म्हणाली, तू पडवीत राहा, तुझं ताट-तांब्या वेगळं ठेव, मला लोकांना तोंड द्यायचंय. माझ्या आईला तो कागद पाठ होता. तिला माहीत होतं माझा आजार कोणाला लागत नाही ते. तरी तिने मला पडवीत घातलं, आणि खरं सांगते, त्या रागाने मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही.

पाणी आता खालच्या विहिरीवरून यायला लागलं. वहिनी आणायची, दोन घागरी, पोट सांभाळत. मी ओरडले, ते पाणी पिऊ नका, उकळा. आई म्हणाली, पाणी काय चहा आहे उकळायला? मी माझ्यापुरतं चुलीवर उकळून घ्यायची. वहिनीला दिलं तर तिला धुराचा वास यायचा, उलटी यायची. माझ्यासमोर हो म्हणायची आणि कच्चंच प्यायची. या गोष्टीची टोचणी अजून जात नाही. मला वाळीत टाकलं म्हणून ते पाणी आमच्या घरात आलं.

सातव्यात डोहाळजेवण करायचं ठरलं. दादाला रजा नव्हती, पण आईला पहिल्या नातवंडाची हौस. वाडीतल्या बायका यायला तयार झाल्या, एका अटीवर. आईने ती अट मला सांगितली नाही, नुसतं म्हणाली, तू दुपारभर मागे गोठ्याकडे बस. मी अट ओळखली आणि जाऊन बसले. पुढच्या अंगणात मांडवाखाली पाट मांडला होता, वहिनीला हिरवं लुगडं, हिरवा चुडा, जाईच्या कळ्यांची वाडी. बायका गाणी म्हणत होत्या. गाण्यांतली अर्धी मीच पोरांना शिकवलेली, मागे बसून मी ती मनातल्या मनात म्हणत होते.

अर्ध्या तासाने मागचं दार उघडलं आणि वहिनी स्वतः माझं ताट घेऊन आली. फुलांचे दागिने घातलेली, घामाघूम. म्हणाली, वन्सं, तुमच्याशिवाय मला घास जात नाही. मी म्हटलं, लबाड, तुला तसाही जात नाही, चार दिवस बघतेय. ती हसली आणि ताट ठेवायला वाकली. उठताना तिने उन्हात वर माझ्याकडे बघितलं.

मी तिला खाली बघ म्हटलं आणि पापणी उचलली.

तिथलं पांढरं पिवळसर झालं होतं. विचारलं, लघवीचा रंग कसा आहे? ती लाजली, मग म्हणाली, चार दिवस झाले, कोऱ्या चहासारखी होते. उजव्या बाजूला जड वाटतं. आईंना सांगितलं नाही, म्हटलं कार्यक्रम होऊन जाऊ दे.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मला वाटलं, गप्प बसावं. मी बोलले तर उद्या सगळं गाव म्हणणार, सख्ख्या भावजयीला खाल्लंन. डोहाळजेवणात, भरल्या ओटीवर, मी, दृष्ट लावणारी, तोंड उघडणार? दोन दिवसांत काकूंनाही दिसेल, मग त्याच बोलतील, माझं नाव होणार नाही. पण दोन दिवस तिच्याकडे आहेत की नाहीत हे कोणाला माहीत होतं? डॉक्टर म्हणाले होते हाताशी लागत नाहीत. मी वहिनीचा हात धरला आणि घरातून चालत सरळ पुढच्या अंगणात आले.

गाणं थांबलं. मी म्हटलं, "हिला कावीळ आहे. आत्ता दोनच्या गाडीने रत्नागिरीला न्यायला हवी."

काकू ओटीतला नारळ हातात धरून म्हणाल्या, "तू बघितलंस ना? झालं मग."

आई उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला म्हणाली आत जा. मग म्हणाली, उद्या म्हातारबाबांची माळ आणू, दादाला पत्र घालू, त्याला विचारल्याशिवाय कुठे न्यायचं नाही. बायका माना डोलवत होत्या. मी काही बोलणार तेवढ्यात वहिनी बोलली. दीड वर्षात सासूसमोर मान वर न केलेली मुलगी.

"वन्सं, लुगडं बदलू, की अशीच येऊ?"

अशीच आली. अजून आठवलं तरी ऊर भरून येतो. फुलांची वाडी, हिरवा चुडा, पायात चपला आणि हातात पिशवी. एसटीत चढलो तर गर्दी होती, पण माझे डोळे बघितले आणि आख्खी सीट रिकामी झाली. इतक्या वर्षांत त्या डोळ्यांनी पहिल्यांदा काही कमावलं. पावसच्या स्टँडवर वहिनीला ओकारी आली, मी तिचं डोकं धरलं, आणि ती मला म्हणते, गाडीतल्यांना वाटत असेल मीच तुम्हाला दवाखान्यात नेतेय. पोरीला तशातही थट्टा सुचत होती.

रत्नागिरीला हॉस्पिटलात अगदी तेच झालं. नर्सबाईंनी मला हाताला धरून खाटेवर बसवलं. डॉक्टर आले, माझी पापणी ओढली आणि म्हणाले, ताबडतोब ॲडमिट. मी ओरडून सांगते आहे, माझे डोळे राहू द्या, ते घरचेच आहेत, हिचे बघा! शेवटी मी कागद काढून त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी वाचला, वहिनीला खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, एवढ्यातून तुम्हाला दिसलं कसं? मी म्हटलं, ज्याचं जळतं त्याला कळतं.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा माझं म्हणणं खरं निघालं. खरं निघाल्याचा आनंद कोणाला होणार होता! डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या काविळीवर खास औषध नाही. विश्रांती, सलाईन, डोळ्यांत तेल घालून लक्ष. त्यासाठी लवकर येणं हेच महत्त्वाचं, आणि तुम्ही लवकर आलात.

चौथ्या दिवसापासून वहिनी गुंगायला लागली. हाक मारली की डोळे उघडायची, मला माहेरच्या बहिणीच्या नावाने हाक मारायची, पुन्हा मिटायची. दोन दिवस असे गेले. त्याच दिवसांत आई आली, एकटी, एसटीने, आधी कधी एकटीने प्रवास न केलेली. पिशवीत म्हातारबाबांची माळ होती. मला वाटलं होतं भांडेल. ती खाटेच्या पायथ्याशी बसली आणि म्हणाली, खालच्या विहिरीवर मीच पाठवलं तिला. एवढंच. मग माळ हातात धरून माझ्याकडे बघत राहिली, जणू परवानगी हवी होती. मी म्हटलं, घाल. सलाईन चालू आहे तोवर माळेने काही बिघडत नाही. आईने ती वहिनीच्या डोक्यावर ठेवली आणि डोळे पुसले. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. आमचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं.

गुंगीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने डोळे उघडून विचारलं, वन्सं, तुम्ही जेवलात? डॉक्टर हसले, म्हणाले, आली परत. पोटातलं बाळ हललेलं मी स्वतः हात लावून बघितलं. पुढे पावसाळ्यात तिला मुलगी झाली, तिथेच, त्याच हॉस्पिटलात, आणि आता ती माझ्याशी माझ्यासारखीच भांडते. पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, आम्ही घरी परतलो त्या दिवसाचं.

महिना होत आला होता. खालच्या विहिरीत औषध टाकून ती बंद केली होती, वाडीतली साथ ओसरत होती. आई आदल्या दिवशीच घर झाडायला पुढे गेली होती. आम्ही दोघी एसटीतून उतरलो तर बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. वहिनी पोट सांभाळत हळू चालत होती, मी पिशव्या घेऊन तिच्या मागे.

आजारातून उठलेलं माणूस घरी आलं की आमच्याकडे उंबऱ्याबाहेर उभं करून भाकरतुकडा ओवाळतात, दृष्ट उतरवतात. आई तांदळाच्या भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. वहिनी उभी राहिली. काकू कुंपणापाशी आल्या होत्या, आणखीही चारपाच जणी. मी आपोआप बाजूला झाले. कोणाला सांगावं लागलं नाही, इतक्या दिवसांत सवयच झाली होती. ज्याची दृष्ट लागली असं गाव म्हणतं त्याने दृष्ट काढताना समोर उभं राहायचं नसतं, एवढं मलाही कळत होतं. मी गोठ्याकडच्या वाटेला लागले.

आईचा हात वरच थांबला.

"कुठे चाललीस गो? इकडे ये. हिच्या शेजारी उभी राहा."

मी म्हटलं, आई, सगळ्या बघतायत. ती म्हणाली, बघू देत, त्यासाठीच तर थांबल्येत. माझ्या हातातल्या पिशव्या तिनेच काढून खाली ठेवल्या, मला दंडाला धरून वहिनीच्या शेजारी उभं केलं, आणि तो तुकडा दोघींवरून उतरवला, डोक्यापासून पायापर्यंत, तीन वेळा. मग वहिनीला आत जा म्हणाली आणि दुसरा तुकडा घेऊन माझ्या एकटीवरून पुन्हा उतरवला. कुंपणाकडे न बघता, पण तिथे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"लोकांनी हिला इतकी वर्षं बघून बघून दृष्ट लावली, आणि मी आई असून एकदाही काढली नाही."

भाकरीचे तुकडे तिने कुंपणापलीकडे फेकले, काकूंना बाजूला सरावं लागलं. मग तांब्यातलं पाणी माझ्या डोळ्यांना लावलं, पदराने पुसलं आणि मला उंबऱ्याच्या आत घेतलं.